माझी किंमत, वाटी क्रमांक सतरा

माझ्या आईला मी मावशी म्हणतो. एकसष्ट वर्षांचा झालो, अजून मावशीच म्हणतो. नवीन माणसाला हे कळलं की तो आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे दयेने बघतो, घरात काहीतरी भानगड असणार असं धरून चालतो आणि विषय बदलतो. भानगड काही नाही. जन्मल्यावर चौथ्या दिवशी तिने मला शेजारणीला विकलं, इतकंच.

माझ्या आधीचे दोघे बारशापर्यंतही टिकले नव्हते. तिसरा मी. उदगीरला आमच्या गल्लीत ज्यांची लेकरं जगत नसत त्यांच्यासाठी एक ठरलेला उपाय होता. पाचव्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. ती यायच्या आत लेकरू दुसऱ्याच्या नावावर करून टाकायचं. मग ती आपली यादी घेऊन येणार, आणि यादीत लिहिलेल्या बाईच्या घरात लेकरूच सापडणार नाही. मला या उपायातलं एक कळत नाही. जी देवी कपाळावर आयुष्य लिहू शकते तिला शेजारचं दार वाजवून चौकशी करायला काय होतं? पण हे मी लहानपणी एकदा विचारलं आणि त्या दिवशी मला जेवायला उशिरा मिळालं.

गिऱ्हाईक अशी बाई बघायची, जिची सगळी लेकरं जगलेली आहेत. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बांगडीवाली राहायची, सात लेकरांची आई. मला सुपात घालून उंबऱ्यावर ठेवलं. तिने सूप उचललं, मावशीच्या हातावर तांब्याचा एक ढब्बू पैसा ठेवला, मला आपल्या घरात नेऊन घटकाभर ठेवलं आणि मग परत आणून दिलं. "ये मेरा है," ती म्हणाली, "पर पाल तू." सौदा पुरा झाला.

सौद्याच्या अटी मात्र कडक होत्या. मी आईला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. वडिलांना काका. आणि तिने तर कधीही, कुणासमोरही, 'माझा लेक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो तिने साठ वर्षं काढला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सोयऱ्यांना तिने सांगितलं, "मुलगा शेजारनीचा हाय, पन वळन आमचं हाय." सोयरे दोन दिवस हैराण होते. सुनेच्या बाबतीत तसली काही अट नव्हती, म्हणून लग्न झाल्या दिवसापासून सून तिची आणि लेक शेजारणीचा अशी आमच्या घरची वाटणी आहे. भांडणात मावशी कुणाची बाजू घेते हे वेगळं सांगायला नको.

मालकीणबाईंनी हक्क मात्र पुरेपूर बजावला. ईदेला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा मला, आणि परीक्षेत नापास झालो तेव्हा पहिली थप्पडही त्यांचीच. त्या वारल्या तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. त्यांच्यासाठी रडलो, आणि रडून झाल्यावर मनात आलं की चला, सुटलो. मावशी म्हणाली, "मालक गेला म्हनून म्हैस मोकळी होत न्हाई. वारसाकडं जाती." वारस म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, उदगीरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तेव्हापासून मी त्याचा.

आणि तो ढब्बू मावशीच्या कमरेच्या चंचीत.

श्रावणातल्या शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात आणि आपल्या लेकरांना ओवाळतात. मावशीला मला ओवाळता येत नसे, मी तिचा नव्हतो ना. म्हणून ती ढब्बूला ओवाळायची. त्याआधी चिंच, मीठ आणि राख घेऊन तो असा घासायची की आरशात तोंड बघावं. तो चकचकीत असायलाच पाहिजे होता, कारण सटवाईला लांबूनही दिसलं पाहिजे की सौदा झालेला आहे आणि रक्कम पोचलेली आहे. श्रावणात चार शुक्रवार धरले आणि कधी पाच, तर साठ वर्षांत अडीचशे वेळा तरी ती त्याला घासत आलेली आहे. आणि नेमका तिचाच हा मुलगा, म्हणजे शेजारणीचा, जुनी नाणी जपण्याच्या नादाला लागला.

मी नांदेडला एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्तीच्या आधी कधीतरी भांड्यांच्या दुकानात मोडीच्या ढिगात मला तांब्याचं एक हिरवट चकतं दिसलं, आणि तेव्हापासून मी बिघडलो. मोडीत येणारी जुनी नाणी घ्यायची, मातीने माखलेली, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांना पाण्यात ठेवायचं. साधं पाणी नाही, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते शुद्ध पाणी. प्रत्येक नाण्याला एक स्टीलची वाटी, वाटीला नंबर. रोज सकाळी पाणी बदलायचं. महिना, दोन महिने, कधी वर्ष. माती सैल झाली की बाभळीच्या काट्याने कणकण उकरायची. बाभळीच्या काट्याइतकं चांगलं हत्यार मी प्रयोगशाळेतही पाहिलं नाही. टोक टणक, पण तांब्यापुढे नमतं घेतं. शेवटी उन्हात वाळवून मेणाचा पातळ हात. आणि एकच नियम, जो मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो: नाणं उजळायचं नाही. त्याचा काळसर, हिरवट रंग ही त्याची कातडी असते. नाणं उजळणं म्हणजे त्याला सोलणं.

यामुळे आमच्या घरी आमटी पेल्यातून प्यायली जाते, कारण वाट्या भरलेल्या असतात. एकदा माझा मेहुणा लातूरहून चार दिवस राहायला आला. सकाळी मी चाळीस वाट्यांमधलं स्वच्छ, काचेसारखं पाणी मोरीत ओतताना त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. लातूरचा माणूस फेकलेलं पाणी बघू शकत नाही. ज्या गावाला आगगाडीने पाणी आलं त्या गावचा तो. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याआधी उठून ते सगळं पाणी एका बादलीत जमवू लागला. त्याचं तो काय करतो हे मी विचारलं नाही. तो गेल्यावर बायको म्हणाली की अर्धं तुळशीला घालत होता आणि अर्ध्याने दाढी करत होता. तुळस टवटवीत आहे आणि मेहुणाही.

गेल्या आषाढात मावशीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं आणि ती श्रावणभर आमच्याकडे राहिली. येताना चंची आणली, जिवतीचा कागद आणला आणि इथे गॅस आहे म्हणून उदगीरहून डबाभर राखही आणली.

पहिल्या शुक्रवारी ती ओट्याशी बसून ढब्बू घासत होती. मी शेजारी भिंग घेऊन माझं काहीतरी बघत होतो. लहानपणापासून तो पैसा शंभरदा पाहिलेला, पण भिंगातून कधी पाहिला नव्हता. सहज मागितला. दोन्ही अंगं झिजून गुळगुळीत, गोटीसारखी. पण काठाशी एका जागी, ओल्या राखेत, एक वळलेली खोल रेघ.  ढब्बू हा काही एका राज्याचा पैसा नव्हे. आमच्याकडे कुठलंही जाड तांब्याचं नाणं ढब्बूच. बिदर उदगीरपासून हाकेच्या अंतरावर. ही रेघ जर बहामनी सुलतानांच्या काळातल्या अक्षराची असेल, तर मी पाचशे वर्षांपूर्वीच्या नाण्याला विकला गेलो होतो. आणि त्यावर उरलेलं एकुलतं एक अक्षर माझ्या डोळ्यांदेखत चिंचेने पुसलं जात होतं.

"मावशी, हे घासू नकोस."

"का?"

"झिजायलंय ते."

"साठ वर्षं झिजायलंय. तू झिजलास का?"

मी तिला कातडीचं सांगितलं. ती म्हणाली, "पैशाला कुठली आली कातडी?" मी मेणाचं सांगितलं. ती म्हणाली, "मेन लावल्यावर चमकंल का?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला लावायलास?" शेवटी मी तडजोड काढली: ज्या अंगाला रेघ आहे ते सोडून फक्त दुसरं अंग घासावं. मावशीने घासणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "सटवाई कोन्या अंगानं येती, तुला ठाव हाय का?"

मी भिंग खाली ठेवलं.

"मंग गप ऱ्हा. तुला अक्षर पायजे, मला..." ती थांबली. तिथे 'माझा लेक' म्हणायचं असतं. तिने वाक्य तिथेच टाकून दिलं आणि ढब्बू जोरात घासायला लागली.

बायकोला गाऱ्हाणं सांगितलं. ती म्हणाली, "पस्तीस वर्षांत तुम्हाला साधी कावीळ झाली नाही. चाललंय ते चालू द्या की. तुमचं ते अक्षर वाचून कुणाचं भलं होणार आहे?" हा प्रश्न मी विज्ञानाच्या माणसाच्या तोऱ्यात उडवून लावला.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझ्याकडे एक डबा आहे, मेलेल्या नाण्यांचा. कुणीतरी आधीच घासूनपुसून टाकलेली, काही न उरलेली नाणी मी त्यात टाकतो. त्यातून मावशीच्या ढब्बूच्या आकाराचं आणि वजनाचं एक शोधून काढलं. ते काळवंडलं होतं, म्हणून गच्चीत जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा, मी चिंच आणि राखेने नाणं घासलं. कबूल करतो, मजा आली. तांबं असं पटकन लालसर होऊन हसायला लागतं की माणसाला वाटतं आपण काही पुण्य केलं. सोमवारी मावशी आंघोळीला गेली, चंची उशाखाली होती. मी अदलाबदल केली. खरा ढब्बू वाटी क्रमांक सतरामध्ये गेला. सटवाईवर माझा विश्वास नाही, तरी वाटीवर झाकण ठेवलं.

दुसऱ्या शुक्रवारी मावशी पुन्हा राख घेऊन बसली. काळ्या चष्म्याच्या आड तिचा एक डोळा नुकताच ऑपरेशन झालेला, दुसरा जुनाच, अंधुक. दोनचारदा घासलं, अंगठा एकदा काठावरून फिरवला, मग पुन्हा एकदा सगळा काठ फिरवला. माझ्या दिशेला मान वळवली. "आज लवकर चमकला," म्हणाली आणि उठली. ओवाळलं की नाही ते मी बघितलंच नाही, माझा जीव सतरा नंबरच्या वाटीत होता.

त्याच दुपारपासून ती विचित्र वागायला लागली.

चहा आला की माझा कप आधी ती घ्यायची, एक घोट प्यायची, थोडा वेळ थांबायची, मग मला द्यायची. जेवणाचंही तेच. मी आंघोळीला गेलो की दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "हाईस का?" पंख्याखाली बसू द्यायची नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना उतरताना माझ्या सदऱ्याचं मागचं टोक धरून ती माझ्यामागे उतरायची. म्हणजे मी पडलो असतो तर ती माझ्यावर पडली असती, एवढाच त्याचा उपयोग. स्कूटरची किल्ली सापडेना. चार दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडली. बॅटरीच्या दुकानात पाणी आणायला निघालो तर रिक्षातून बरोबर आली आणि दुकानदाराला दम भरला की ह्याला सांभाळून दे. दुकानदार गेली आठ वर्षं मला ते पाणी देतोय. त्याने बाटली दोन्ही हातांनी, तीर्थासारखी दिली.

"वय झालं," बायको म्हणाली.

मीही तेच धरून चाललो. सोपं होतं ते. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. दहा दिवस भिजल्यावर ती रेघ स्वच्छ झाली होती. तिसरा शुक्रवार कसाबसा पार पडला आणि बुधवारी मी वाटीसकट एका ओळखीच्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. मावशी बरोबर होतीच, बाहेर ओसरीवर बसली. गुरुजींनी माझं भिंग घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि मोठ्या हळुवारपणे, वाईट बातमी द्यावी तसं म्हणाले, "भाई, ये हर्फ नहीं है. ये चाकू है."

मी म्हटलं, अक्षरच आहे, नीट बघा.

"मैंने चालीस साल हर्फ पढ़ाए. ये किसी ने चाकू से घाव डाला है."

मी मानलं नाही. गुरुजींचं वय झालं, असं मी ठरवलं. त्या आठवड्यात माझ्याभोवती सगळ्यांचंच वय होत होतं.

बुधवारी संध्याकाळी बायकोने मावशीला माझी रक्तदाबाची गोळी खाताना पकडलं. तिने गोळीचे दोन तुकडे केले होते, अर्धी स्वतः खाल्ली होती आणि घड्याळाकडे बघत बसली होती. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उरलेली अर्धी मला द्यायची असा बेत. आता हसण्यावारी न्यायचं काम उरलं नव्हतं. गुरुवारी सकाळी आम्ही तिला डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, जेवणात काय होतं विचारलं. मावशीने भाजीत मीठ कमी होतं हेही सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. काका, म्हणजे माझे वडील, उदगीरच्या आडतीत मापाडी होते. त्यांच्या मापाचा हिशोब घरी हीच तपासायची. ती दोनवर पोचली तेव्हा डॉक्टर अजून पासष्टशी होते.

"आज्जी, सगळं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "मग मुलाची एवढी काळजी कशाला करता?"

"मुलगा कुनाचा?" मावशी म्हणाली. "ह्यो शेजारनीचा हाय."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. बायकोने डोळ्याला पदर लावला. मी घाईघाईने सुपाचं, सटवाईचं, बांगडीवालीचं सांगायला लागलो, आणि डॉक्टरांची नजर हळूहळू मावशीवरून निघून माझ्यावर स्थिरावली. त्यांनी मला वार विचारला.

तेव्हा मावशी बोलली. "डोकं ठिकानावर हाय माझं, डाक्टर. पैसा ठिकानावर न्हाई." आणि काळा चष्मा काढून तिने दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

 घरी आल्यावर मी वाटी क्रमांक सतरा आणून तिच्यापुढे ठेवली. तिने पाण्यात बोटं घातली, ढब्बू काढला, अंगठा काठावरून फिरवला. रेघेपाशी अंगठा थांबला.

"ह्योच," ती म्हणाली. "ही रेघ तुझ्या मालकिनीनं पाडली होती, चाकूनं. पैसा कुनी बदलू नये म्हनून."

पाचशे वर्षांपूर्वीचं अक्षर ते एवढंच. माझ्यासारखा कुणीतरी निघणार, हे त्या बाईने मी चार दिवसांचा असतानाच ओळखलं होतं.

"तुला कसं कळलं की मीच?"

"त्या आठवड्यात तुझ्या बोटाला चिंचंचा वास यायलता. तुझ्या बोटाला!"

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"बोलून काय होतं? विकलेल्या मालानं आपलीच किंमत उचलली की सौदा मोडला. पैसा परत ठिवला तरी मोडला ते मोडलाच. चौदा दिस झाले, तू मोकळा फिरायलास. कुनाचाच न्हाईस." तिने ढब्बू मुठीत धरला. "म्हनून राखन करत बसले. म्हातारी बाई, कितीक राखनार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते घोट, ती खुर्ची, ती अर्धी गोळी. विषाचा कप माझ्याआधी आपल्याला यावा म्हणून एक अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई दोन आठवडे माझा चहा पीत होती, आणि मी वाट्यांचं पाणी बदलत होतो. माझा सटवाईवर विश्वास नाही, पण तिची भीती खरी होती, आणि त्या भीतीला मीच दार उघडून दिलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. उद्या शुक्रवार हाय. फिरून विकावं लागंल."

उदगीरला वारसाला फोन करून सगळं सांगितलं. तो हसत सुटला, मग म्हणाला, "भाई, मैंने छोड़ दिया. मुबारक हो." तिकडचा प्रश्न मिटला. गिऱ्हाईक म्हणून मावशीने समोरच्या फ्लॅटमधली बाई निवडली. वीज कंपनीत अभियंता आहे, दोन मुली, दोघी ठणठणीत. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, आमच्या घरातून हे सगळं आजोबांच्या वेळेलाच गेलं. आम्ही मानत नाही यातलं काही."

"मीसुद्धा मानत नाही," मी म्हटलं.

"मग?"

"ती मानते."

ती मावशीकडे बघून म्हणाली, "ठीक आहे, आजी. पण ह्यांना विकत घेऊन मी करू काय?"

"काय करू नको," मावशी म्हणाली. "नुसतं म्हन, माझा हाय म्हनून."

शुक्रवारी सकाळी कंपनीत जायच्या आधी ती आली. जिवतीचा कागद भिंतीला लावलेला, पुरणाचे दिवे तयार, बायको स्वयंपाकघरात. दारात सूप मांडलं होतं. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. "निदान येक पाय तरी ठीव," मावशी म्हणाली, म्हणून उजवा पाय सुपात ठेवून मी फ्लॅटच्या संगमरवरी पट्टीवर बसलो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त नायब तहसीलदार पिशवी घेऊन जिना उतरत होते. थबकले.

"काही कार्यक्रम आहे का?"

"विक्री आहे," मी म्हटलं. ते सुपाला वळसा घालून खाली गेले.

अडचण पैशापाशी आली. गिऱ्हाईक बाईकडे नाणं नव्हतं. तिच्या घरात नव्हतं, पर्समध्ये नव्हतं, मुलींच्या गल्ल्यातसुद्धा नोटाच होत्या. "मी फोनवरून टाकू का? आत्ता जातील." मावशीने मान हलवली; सटवाईला फोनमधलं दिसत नाही. मी म्हटलं, माझ्या घरात चारशे नाणी आहेत. "मालाच्या घरचा पैसा चालत न्हाई," मावशी म्हणाली, "त्यानंच तर घोटाळा झालाय." शेवटी ती बिचारी खालच्या किराणा दुकानात सुट्टे आणायला गेली. जिन्यातूनच तिचा आवाज आला, "सुट्ट्यांच्या बदली गोळ्या देतो तो मेला, वेळ लागेल!"

"दार लावून घे," मावशी मला म्हणाली. "मोकळा हाईस. कुनाची नजर पडंल."

मी दार लावलं आणि आत येऊन पाटावर बसलो. जुना ढब्बू ताम्हनात होता. मावशीने तो उचलला, पदराने कोरडा केला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे. आता ह्यो नुसता पैसा हाय. घाल तुझ्या वाटीत, लाव मेन."

ज्याच्यासाठी मी एवढा घाट घातला तो पैसा आता हातात नकोसा झाला.

निरांजन पेटलेलं होतं. ती त्याच्याकडे बघत बसली. खालून किराणा दुकानातली वादावादी अस्पष्ट ऐकू येत होती.

"ती येईस्तोवर तू कुनाचाच न्हाईस," ती म्हणाली. मग जमिनीकडे बघत, "म्हंजी तसं बगितलं तर..."

तिने वाक्य सोडून दिलं नाही. या वेळी नाही.

"तसं बगितलं तर माझा लेक हाईस."

ती उठली. निरांजन हातात घेतलं आणि माझ्याभोवती फिरवलं, ढब्बूभोवती नाही. तुपाचा एक थेंब माझ्या गुडघ्यावर पडला. तिने माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि मग ताम्हन खाली ठेवून दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, चार दिवसांच्या लेकराचं धरावं तसं. तिच्या अंगठ्यांना राखेचा खरखरीतपणा होता. माझ्या गालांवरून, कपाळावरून, कानांमागून ते फिरत राहिले, काठाकाठाने.

मी शब्द शोधत होतो. 'मा' म्हटलं की साठ वर्षांच्या सवयीने पुढचं आपोआप यायला बघत होतं. 

"माय," मी म्हणालो.

बेल वाजली.

बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि तिने कडीला हात घातला. बाहेरून समोरच्या बाईंचा आवाज आला, "मिळालं, आजी! दहाचं आहे, चालेल ना?" बेल पुन्हा वाजली.

मायचे हात माझ्या तोंडावरच होते.

"वाजू दे," ती म्हणाली.